घरातली गाडी, पण इन्शुरन्स चालू आहे का? चावी फिरवायच्या आधी काय बघायचं आणि संपलेला निघाला तर काय करायचं

बाबा गेले त्यानंतर गाडी कोण चालवणार, सर्व्हिसिंगला कोण नेणार हे सगळं न बोलताच ठरून गेलं, मी, बायको आणि धाकटा भाऊ तिघंही गाडी वापरायचो, आईला दवाखान्यात न्यायचं, मुलांना क्लासला सोडायचं, असंच. इन्शुरन्सचा विषय कुणाच्या डोक्यातही आला नाही कारण तो कायम बाबाच बघायचे, आणि कंपनीचे मेसेज जायचे ते त्यांच्या मोबाईलवर, तो नंबर आम्ही दोन महिन्यांनी बंद करून टाकला होता. एक दिवस पीयूसीची तारीख बघायला ॲप उघडलं तर खाली इन्शुरन्सच्या पुढे उलटून गेलेली तारीख. बोटावर मोजलं, ४१ दिवस झाले होते. ४१ दिवस आईला मागच्या सीटवर बसवून आम्ही ती गाडी रस्त्यावर फिरवत होतो.

काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर जे जे वाचलं, ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळं नव्याने गाडी हातात आलेल्यांसाठी इथे लिहितोय, खास करून ज्यांच्या घरी गाडी एकाच्या नावावर आहे आणि चालवणारे तीन-चार जण आहेत. हे सगळं आपल्या भारतातल्या कायद्याप्रमाणे आहे, आणि खाजगी कारपुरतं, टॅक्सी-टेम्पोचे नियम वेगळे असतात.

पहिली पायरी: तारीख बघा, आणि तारखा दोन असतात हे विसरू नका

गाडीचा नंबर माहीत असला की झालं. एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या सरकारी साईटवर आपल्या मोबाईल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला की आरसीची माहिती येते, त्यातच इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, पॉलिसीचा कागद किंवा पीडीएफ शोधून काढाच, कारण ॲपवर कधी कधी नवी पॉलिसी चढायला वेळ लागतो, आणि दुसरं म्हणजे तिथे पूर्ण चित्र कळत नाही.

पूर्ण चित्र म्हणजे काय ते सांगतो. कारच्या इन्शुरन्सचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं, दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, हा कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, झाड पडणं, पुराचं पाणी वगैरे, हा ऐच्छिक. दोन्ही मिळून जे असतं त्याला लोक फर्स्ट पार्टी किंवा फुल इन्शुरन्स म्हणतात, कागदावर पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह असं लिहिलेलं असतं.

आता गोम कुठे आहे बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना थर्ड पार्टी एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर हा नियम आला. ओन डॅमेज मात्र साधारणपणे १ वर्षाचाच दिलेला असतो. म्हणजे एकाच कागदावर दोन तारखा. शोरूममध्ये कुणीतरी सांगतं "तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे साहेब", आपण निर्धास्त होतो, आणि दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की कळतं ओन डॅमेज कधीच संपलाय. पोलीस काही म्हणणार नाहीत कारण थर्ड पार्टी चालू आहे, पण दुरुस्तीचं बिल सगळं आपल्या खिशातून. तेव्हा पॉलिसीवर लायबिलिटीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा, कालावधी आणि ओन डॅमेजचा कालावधी असे दोन्ही रकाने वाचा. ज्या दिवसाची तारीख छापलेली असते त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कव्हर असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

दुसरी पायरी: संपलेला असेल तर गाडी आहे तिथेच ठेवा

ही पायरी सगळ्यात सोपी आणि लोक सगळ्यात जास्त मोडतात ती हीच. "उद्या करतो, आज फक्त आईला सोडून येतो" असं म्हणून गाडी काढू नका. संपल्यानंतर काही दिवसांची सूट असते असा एक समज सगळीकडे आहे, तो चुकीचा आहे. ९० दिवसांची जी गोष्ट लोक सांगतात ती नो क्लेम बोनसची आहे, कव्हरची नाही, त्याबद्दल खाली लिहिलंय. तारीख संपली की त्या क्षणापासून गाडीला कसलंही संरक्षण नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम १४६ सांगतं की थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी सार्वजनिक जागी कुणी वापरायची नाही आणि दुसऱ्या कुणाला वापरू द्यायचीही नाही. शिक्षा कलम १९६ मध्ये आहे, पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे.

यातले "वापरू द्यायची नाही" हे शब्द घरच्या गाडीसाठी फार महत्त्वाचे आहेत. मुलगा वडिलांची गाडी घेऊन गेला तर मुलगा चालवतो म्हणून तो सापडतो आणि वडिलांनी चावी दिली म्हणून तेही सापडतात. "गाडी माझ्या नावावर नाही, मला काय माहीत" हे चालत नाही. कायद्याने ही सवलत फक्त पगारी ड्रायव्हरला दिली आहे, त्याला विमा नसल्याचं माहीत नसेल आणि माहीत असायचं काही कारणही नसेल तर त्याला दोषी धरत नाहीत. भाऊ, जावई, सून, भाचा यांना ती सवलत नाही. नुसतं प्रवासी म्हणून बसलेल्याला मात्र या कलमाखाली काही होत नाही.

पण खरं सांगू का, २,००० रुपयांची भीती घालायला मी हे लिहित नाहीये. दंड भरून माणूस मोकळा होतो. खरी भीती दुसरी आहे आणि ती आकड्यात मांडल्याशिवाय पटत नाही, मलाही पटली नव्हती.

समजा आपल्या गाडीच्या धडकेत ३२ वर्षांचा एक माणूस गेला. खाजगी नोकरी, महिना २५,००० पगार, घरी बायको, दोन मुलं आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं त्याची पद्धत सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे. पगारात पुढच्या वाढीचे म्हणून ४० टक्के मिळवतात, म्हणजे ३५,००० झाले. वर्षाचे ४,२०,०००. त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले ३,१५,०००. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. गुणाकार केला की ५०,४०,००० रुपये, वर अंत्यविधी वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळं. विमा असता तर हे कंपनीने भरलं असतं, मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला थर्ड पार्टीत वरची मर्यादाच नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाखांची आहे. विमा नसेल तर हा सगळा बोजा चालवणारा आणि गाडीचा मालक यांच्यावर. नाही भरले तर कलम १७४ प्रमाणे कलेक्टरकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, म्हणजे शेत, घर, जे असेल ते.

आणि १००० ते १५०० सीसीच्या कारचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता किती, तर १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरानुसार ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० च्या वर ७,८९७. हा दर सरकार ठरवतं, त्यामुळे थर्ड पार्टीसाठी कंपन्या हिंडून भाव करण्यात अर्थ नाही, फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये.

चूक आपली नसली तरी सुटका नाही हेही लक्षात घ्या. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे कुणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात, आणि ते द्यायचे मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने. कंपनीच नसेल तर कोण देणार ते उघड आहे.

तिसरी पायरी: नूतनीकरण, आणि त्यातली वेळेची भानगड

विमा संपल्यावर परत काढण्याला एजंट लोक ब्रेक-इन म्हणतात. दोन रस्ते आहेत. फक्त थर्ड पार्टी हवा असेल तर गाडीची तपासणी लागत नाही, ऑनलाईन पैसे भरले की पॉलिसी येते. फुल इन्शुरन्स हवा असेल तर कंपनी आधी गाडी बघते, कारण ठोकलेल्या गाडीचा विमा काढून लगेच क्लेम करणारे लोक असतात.

तपासणीसाठी गाडी चालवत घेऊन जाऊ नका, हे मी मुद्दाम लिहितोय कारण आम्ही नेमकं तेच करणार होतो. सर्व्हेअर घरी येतो किंवा कंपनी एक लिंक पाठवते आणि आपणच मोबाईलवर व्हिडिओ काढायचा असतो. आम्ही व्हिडिओच काढला. नंबर प्लेटपासून सुरुवात करून गाडीभोवती एक पूर्ण फेरी, मध्ये न थांबता, चारही काचा, चारही दारं, मग बॉनेट उघडून इंजिन, चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो तिथे जवळून, शेवटी आत बसून चावी ऑन करून मीटरचं रीडिंग. चेसिस नंबरवर धूळ आणि तेल बसलेलं असतं, फडक्याने आधीच पुसून ठेवा, आमचा पहिला व्हिडिओ त्यासाठीच नापास झाला होता. दिवसाउजेडी काढा, पार्किंगमध्ये अंधार असेल तर मान्य होत नाही. मागच्या बंपरला जो पोचा होता तो लपवायचा प्रयत्न करू नका, तो नोंदवला जातो आणि पुढच्या क्लेममधून वगळला जातो, एवढंच.

आता वेळ. विमा कायदा १९३८ चं कलम ६४ व्हीबी म्हणतं की हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. म्हणजे फोनवर "करून टाका" सांगितलं, एजंटने हो म्हटलं, फॉर्म भरला, यातल्या कशानेही कव्हर सुरू होत नाही. पैसे गेले तरी लगेच चावी उचलू नका, पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते ती बघा, आणि ती वेळ उलटल्यावरच गाडी काढा. ब्रेक-इनमध्ये कधी कधी सुरुवात दुसऱ्या दिवसापासूनची असते. ही काही बारीकसारीक गोष्ट नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात पॉलिसी २५ ऑक्टोबर १९८३ ला दुपारी ४ पासून लागू होती आणि अपघात त्याच दिवशी त्याच्या आधी झाला होता, कोर्टाने सांगितलं की वेळ लिहिलेली आहे तर कव्हर त्या वेळेपासूनच, कंपनी जबाबदार नाही.

पॉलिसी आली की कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन करा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साईटवर पॉलिसी नंबर टाकून बघा. खोट्या पॉलिसी विकणारे असतात, पीडीएफ अगदी खरी दिसते, आणि तपासणारा कुणी नसेल तर वर्षभर कळत नाही. गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे आकडे, मालकाचं नाव आरसीशी जुळतंय का तेही बघून घ्या.

नो क्लेम बोनसचं आत्ताच सांगून टाकतो. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. विमा संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केलं तर ती टिकते, ९१ व्या दिवशी शून्य. आमच्याकडे ४१ दिवस झाले होते म्हणून हातात वेळ आहे असं कुणीतरी म्हणालं. बोनससाठी वेळ होता, रस्त्यावर जायला एक मिनिटही नव्हता.

चौथी पायरी: पॉलिसी आहे, पण ती चालवणाऱ्याला लागू पडते का

आपल्याकडे विमा गाडीचा असतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याचं नाव पॉलिसीत घालावं लागत नाही. पॉलिसीवर ड्रायव्हर क्लॉज असतो, त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की मालकासह कुणीही चालवू शकतो, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स हवं आणि त्याचं लायसन्स रद्द किंवा निलंबित केलेलं नको. लर्निंग लायसन्सवाला पण चालतो, पण त्याच्या नियमात, म्हणजे शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस शिकवायला बसलेला आणि पुढे-मागे एल लावलेलं. दुपारी मोकळ्या रस्त्यावर भाचीला एकटीला गाडी देऊन टाकली तर ते नियमात नाही.

लायसन्स नसलेल्याने चालवली आणि कुणाला लागलं तर काय होतं, तर बऱ्याचदा कोर्ट कंपनीला सांगतं की जखमीला पैसे दे आणि नंतर मालकाकडून वसूल कर. २००४ सालच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हे चांगलंच रुळलंय. जखमीच्या घरच्यांना न्याय मिळतो, पण आपल्या घरावर वसुली येतेच. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने चालवली तर कलम १९९ए आहे, पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

गाडीचा वापर कशासाठी हेही पॉलिसीवर लिहिलेलं असतं. खाजगी कारचा विमा भाड्याने प्रवासी नेण्याला, स्वतःच्या सामानाव्यतिरिक्त माल वाहायला, शर्यतीला लागू होत नाही. कुणी म्हणतं सुट्टीच्या दिवशी चार फेऱ्या मारून पेट्रोल सुटेल, तर ओन डॅमेजचा क्लेम त्यावर नाकारला जाऊ शकतो.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि जे कळल्यावर मी नुसतं थर्ड पार्टी घ्यायचा विचार सोडून दिला. आपल्याच गाडीत बसलेली आपली माणसं. नुसत्या थर्ड पार्टीत, म्हणजे ॲक्ट ओन्ली पॉलिसीत, खाजगी कारमध्ये फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे सांगितलेलं आहे. पॅकेज पॉलिसीत ती येते, तेही विमा नियामकाच्या २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट झालंय आणि कोर्टाने २०१२ मध्ये मान्य केलंय. म्हणजे "जुनी गाडी आहे, थर्ड पार्टी पुरे" असं आपण म्हणतो तेव्हा समोरच्या अनोळखी माणसाची सोय झालेली असते आणि मागच्या सीटवर बसलेल्या आईची झालेली नसते. गाडीची किंमत किती उरली आहे एवढंच बघून हा निर्णय घेऊ नका, गाडीत कोण बसतं ते बघा.

तसंच मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. मुलगा वडिलांची गाडी चालवताना गेला तर त्याला तो मिळत नाही, आणि दुसऱ्याची गाडी मागून घेतलेला माणूस मालकाच्याच जागी धरला जातो त्यामुळे स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात त्याच्या घरच्यांना थर्ड पार्टीतूनही काही येत नाही. म्हणून ज्या घरात चालवणारे अनेक आहेत त्यांनी पॅकेजमध्ये प्रवाशांसाठीचा अपघात विमा जोडून घ्या आणि जो खरा जास्त चालवतो त्याचा वेगळा अपघात विमा काढा, जोडताना "चालवणारा कुटुंबीय यात धरलाय का" हा प्रश्न विचारून उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

पाचवी पायरी: गाडी ज्याच्या नावावर आहे तो माणूस हयात नसेल, किंवा गाडी सेकंडहँड असेल

आमच्याकडे आणखी एक गोष्ट निघाली. तारीख संपली नसती तरीही आम्ही अडचणीतच होतो. स्टँडर्ड पॉलिसीत अट असते की विमाधारक गेला तर पॉलिसी लगेच बंद पडत नाही, मृत्यूपासून ३ महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालू राहते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. तीन महिने म्हणजे घरातलं दुःख ओसरायच्या आत निघून जातात, आणि त्या दिवसांत गाडीच्या कागदांचा विचार करावासा वाटत नाही हे मला माहीत आहे, पण कुणीतरी एकाने करायला हवा, चुलत भाऊ, मेहुणा, कुणीही.

आरटीओकडे ३० दिवसांत कळवायचं असतं की मालक वारले आणि गाडी आम्ही वापरणार आहोत, मग ३ महिने वापरता येते, आणि तेवढ्यात फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. मालक हयात असतानाच आरसीवर नॉमिनीचं नाव लावायची सोय २०२१ पासून आहे, आई-वडिलांच्या नावावर गाडी असेल तर आत्ताच लावून घ्या, पुढची बरीच धावपळ वाचते.

सेकंडहँड गाडी घेतली असेल तर गाडीबरोबर थर्ड पार्टी आपोआप आपल्याकडे येतो, कलम १५७, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलायचं असतं. ओन डॅमेज आपोआप येत नाही. जुन्या मालकाच्या नावाची पॉलिसी घेऊन तुम्ही सहा महिने फिरलात आणि गाडी ठोकली तर कंपनी म्हणते आमचा तुमचा करारच नाही. विकणाऱ्यांसाठी उलट गोष्ट, २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल, मग गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो. नावावर करून देईपर्यंत गाडी विकली असं समजू नका.

सहावी पायरी: विमा नसताना अपघात झालाच तर

पळून जाऊ नका. हे पहिलं. ११२ ला फोन, जखमीला दवाखान्यात पोचवणं, आणि कलम १३४ प्रमाणे लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलीस ठाण्यात खबर देणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. जखमीला मदत केली तर आपल्यावर येईल असं वाटून लोक निघून जातात आणि मग गुन्हा कितीतरी मोठा होतो.

दुसरं, अपघात झाल्यावर घाईघाईने पॉलिसी काढून ती आधीची होती असं दाखवायचा सल्ला कुणीतरी देतंच. ऐकू नका. पॉलिसीवर वेळ छापलेली असते, पैसे कधी गेले त्याची नोंद बँकेत असते, आणि मग अपघाताच्या जोडीला फसवणुकीचा गुन्हा लागतो. पोलिसांनी विचारलं तर विमा संपलेला होता हे खरं सांगा.

गाडी जप्त होईल. माणूस गेला किंवा जखमी झाला असेल आणि विमा नसेल तर गाडी सहजासहजी सुटत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की अशा गाडीच्या मालकाने भरपाईपुरती हमी दिल्याशिवाय गाडी सोडू नये आणि हमी दिली नाही तर लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरावेत, तसे नियम करा. दावा लागल्याची नोटीस आली की ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. हजर राहिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि समोरच्याने सांगितलेलं उत्पन्न, वय, चूक सगळं तसंच धरलं जाऊ शकतं. मोटार अपघाताची प्रकरणं नेहमी चालवणारा वकील करा, मालक आणि चालवणारा वेगवेगळे असतील तर दोघांना नोटीस येते, दोघांनीही जायचं.

सातवी पायरी: घरात हे कुणाचं काम आहे ते ठरवा

चावी चौघांकडे आणि पॉलिसीची तारीख कुणालाच पाठ नाही, बऱ्याच घरांत विमा पैशाअभावी नाही तर असाच संपतो. एका माणसाचं नाव ठरवा. आमच्याकडे भावाने घेतलंय. त्याने तीन कामं केली, आरटीओच्या रेकॉर्डला आणि विमा कंपनीकडे मोबाईल नंबर बदलून घेतला (परिवहनच्या साईटवर होतं, चेसिस आणि इंजिन नंबर हाताशी ठेवा), तिघांच्याही मोबाईलवर संपण्याच्या ३० दिवस आधीचं रिमाइंडर लावलं, आणि पीडीएफ घरच्या ग्रुपवर पिन केली. पॉलिसी आणि आरसी डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये असेल तर रस्त्यावर दाखवायला तीही चालते, कागद गाडीत ठेवायलाच हवा असं नाही, पण गॅलरीतला स्क्रीनशॉट त्यात धरत नाहीत.

नूतनीकरण जुनी पॉलिसी संपायच्या आधीच करता येतं, नवी पॉलिसी जुनी संपल्यावर मध्यरात्रीपासून सुरू होते, आपले दिवस वाया जात नाहीत. शेवटच्या दिवशी रात्री करायला बसू नका, पेमेंट अडकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच चेसिस नंबरचा व्हिडिओ काढत बसावं लागतं.